सुकती लागायच्या आत

दाभोळच्या जेटीवर स्कूटर स्टँडला लावून उभं राहिलं की पलीकडून, धोपाव्याच्या बाजूने, फेरीबोट येताना दिसते. ती खाडीच्या मध्यावर आली की मी हातातला चहा विसरतो. साठी उलटली तरी हे सुटलेलं नाही. होडीला नाक असतं, हिला नाही. नाकाच्या जागी सरळ लोखंडी फाळका, ट्रकला असतो तसाच, फक्त अवाढव्य. साखळ्या खडखडतात, फाळका धक्क्याच्या उतरणीवर आदळतो आणि आधी मोटरसायकली, मग रिक्षा, मग माशांचा टेम्पो, शेवटी पिशव्या सावरत माणसं असं सगळं दोन-चार मिनिटांत बाहेर ओतलं जातं. फाळक्याजवळचा पोरगा मागे वळून ओरडतो, "झाले काय रे सगळे?" मग इकडच्या गाड्या आत, फाळका वर, आणि वरच्या केबिनमधला माणूस इंजिन उलटं टाकतो. बुडाखालून मातकट पाणी उसळतं आणि एवढं धूड पाठमोरं धक्क्यापासून सुटतं.

त्या फाळक्यातच सगळी जादू आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पाठमोरं सुटण्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. खरं तर ते मला फार आधी कळायला हवं होतं, कारण तो धडा मी लहानपणीच घेतला होता, गुडघाभर गाळात उभा राहून.

तेव्हा फेरीबोट नव्हती. मामाची होडी होती. मामीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता घेऊन आम्ही सातजण पलीकडे निघालो होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागायच्या आत पोचायचं असं मामाने आदल्या रात्रीच बजावलं होतं, पण निघताना एक ट्रंक राहिली, ती आणण्यात अर्धा तास गेला. मध्यावरच्या वाळूच्या दांड्यावर होडीच्या बुडाने खसखस आवाज केला आणि आम्ही थांबलो. "सगळी मागं सरका! पुढचा भार काढा!" मामा ओरडला. आम्ही मागे सरकलो. होडी हलली नाही. मग पुरुषमाणसं खाली उतरली, मीही उतरलो, खांदे लावले. पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. भरती पुन्हा येईपर्यंत तीन-साडेतीन तास आम्ही त्या दांड्यावर बसून बस्त्यातले लाडू खाल्ले. मामा विडी ओढत म्हणाला, "होडी लावायला काय, म्हैस पण लावील. काढता आली पायजे."

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते थेट न्यू ऑर्लिन्सला. मुलगी ह्यूस्टनला असते. सुट्टीत तिने गाडी काढली आणि पाच-सहा तासांवरच्या त्या शहरात आम्हाला नेलं. तिला तिथलं संगीत ऐकवायचं होतं, मला दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय बघायचं होतं. संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याला अँड्र्यू हिगिन्सचं नाव दिलंय. आतल्या उंच दालनात वर विमानं टांगलेली आणि खाली करड्या रंगाची एक लाकडी पेटी. लोक वर बघत होते. मी पेटीपाशी थांबलो, कारण तिला फाळका होता.

तिचं सरकारी नाव एलसीव्हीपी, म्हणजे वाहनं आणि माणसं किनाऱ्यावर उतरवणारी छोटी नौका. सैनिक तिला हिगिन्स बोट म्हणायचे. लांबी छत्तीस फूट, म्हणजे साधारण आपल्या एसटीएवढी. रुंदी पावणेअकरा फुटांच्या आसपास. आत बाकडी नाहीत, छप्पर नाही. छत्तीस सैनिक पाठीवर ओझं घेऊन उभे राहायचे, नाहीतर एक जीप. पुढचा फाळका पोलादी आणि बाजू चक्क प्लायवूडच्या. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या किचनच्या ट्रॉलीचं मटेरियल आहे." अगदी तेच नसेल, पण चुकीचंही नव्हतं. समोर दिसणारी होडी मूळची नाही. नव्वदच्या दशकात स्वयंसेवकांनी जुन्या आराखड्यांवरून ती पुन्हा बांधली आणि त्यांच्यात हिगिन्सच्या कारखान्यात पूर्वी काम केलेली माणसंही होती.

हा हिगिन्स जन्मला १८८६ साली नेब्रास्कात. तिथून समुद्र कुठल्याही दिशेला हजार मैलांच्या घरात. दक्षिणेत आला तो लाकडाच्या धंद्यासाठी. लाकूड वाहायला होड्या लागतात, तिथून तो होड्यांत शिरला. लुइझियानाचा दलदलीचा मुलूख म्हणजे उथळ पाणी, त्यात बुडालेले ओंडके, वर जलपर्णीचा गालिचा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे कातड्यांसाठी जनावरं पकडणारे फासेवाले आणि तेल शोधणाऱ्या कंपन्या. त्यांना धक्का मिळत नसे. दिसेल त्या काठावर होडी चढवायची, काम उरकायचं आणि निघायचं. हिगिन्सने त्यांच्यासाठी 'युरेका' नावाची होडी बनवली. नाकाशी पाइन लाकडाचा अखंड ठोकळा, तोच होडीचा सगळ्यात मजबूत भाग, म्हणजे ओंडक्यावर बिनधास्त चढवा. होडी ढकलणारा पंखा बुडाखाली लोंबकळत न ठेवता तळातच कोरलेल्या अर्ध्या बोगद्यात घेतला, त्यामुळे वाळू लागो की लाकूड, पात्याला इजा नाही. बुडाचा आकार असा की समोरून येणारा कचरा बाजूला फेकला जाई. इंजिन उलटं टाकलं की ती आल्या वाटेने सुटे. पॉन्टचारट्रेन तलावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बांधावर भरधाव होडी चढवून, मग ती तशीच मागे उतरवून दाखवायची, हा त्याच्या विक्रीचा हातखंडा प्रयोग होता.

मामाला हा माणूस आवडला असता. तोंडाळ, पिणारा, वरिष्ठांची भीड नसलेला. अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी खात्याशी त्याचं वर्षानुवर्षं वाजलं. त्यांचे स्वतःचे आराखडे होते, आणि दलदलीतल्या होडीवाल्याने आपल्याला शिकवावं हे त्यांना पटत नव्हतं. मरीन सैनिकांना मात्र त्याची होडी हवी होती. बेटांवर उतरायची पाळी त्यांच्यावर येणार होती, खात्यातल्या साहेबांवर नाही.

पण युरेकाला फाळका नव्हता. सैनिकांनी कडेवरून उड्या मारायच्या, पाठीवर ओझं, खाली कंबरभर पाणी, समोर मशीनगन. फाळका आला तो शत्रूकडून. १९३७ साली शांघायमध्ये व्हिक्टर क्रूलॅक नावाचा तरुण मरीन लेफ्टनंट जपान्यांच्या हालचालींवर नजर ठेवून होता. त्यांच्या 'दायहात्सू' होड्या किनाऱ्याला लागायच्या, नाक आडवं पडायचं आणि सैनिक पाय न भिजवता पळत सुटायचे. त्याने लांब पल्ल्याच्या लेन्सने फोटो काढले, अहवाल वॉशिंग्टनला धाडला. पुढे तो स्वतः चौकशीला गेला तेव्हा अहवाल एका कपाटात पडलेला, आणि वर कुणीतरी 'चीनमधल्या कुठल्याशा वेड्याचा' अशा अर्थाचा शेरा मारलेला, अशी गोष्ट सांगतात. सरकारी कचेऱ्यांशी आयुष्यभर संबंध आलेल्या माणसाला ती खरी मानायला जड जात नाही. अखेर १९४१ मध्ये ते फोटो हिगिन्ससमोर आले आणि त्याने स्वतःच्या खर्चाने युरेकाचं नाक कापून तिथे फाळका बसवला. म्हणजे तोंड जपानी, बूड लुइझियानाचं.

कारखान्यात १९३८ साली जेमतेम पाऊणशे माणसं होती. १९४३ मध्ये वीस हजारांवर गेली. बायका, कृष्णवर्णीय, म्हातारे, अपंग, सगळे एकाच छताखाली आणि एका कामाला एकच मजुरी. तेव्हाच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात बसमध्येसुद्धा काळ्यांची बाकं वेगळी होती, हे लक्षात घेतलं की या वाक्याचं वजन कळतं. युद्ध संपेपर्यंत त्याने सगळ्या प्रकारच्या मिळून वीस हजारांवर नौका बांधल्या. १९६४ साली आयझेनहॉवर, युद्धातले दोस्तांचे सेनापती, एका इतिहासकाराला म्हणाले, की हिगिन्स हा आपल्याला युद्ध जिंकून देणारा माणूस. सेनापतींच्या तोंडी अशी वाक्यं सढळ असतात, पण हे मला अवाजवी वाटत नाही. बंदर ताब्यात नसताना सैन्य उतरवता आलं, ते या पेटीमुळे.

या होडीवर चार माणसं असत. सुकाणूवाला, इंजिनवाला, नाकाशी एक आणि मागे एक. सुकाणूवाला मागच्या बाजूला उभा. बाकीच्या छत्तिसांना फाळक्याचं पोलाद आणि पुढच्याची पाठ याशिवाय काही दिसत नसे. किनारा फक्त त्याला दिसायचा. चित्रपटांत फाळका पडतो आणि कॅमेरा पळणाऱ्या सैनिकांबरोबर जातो. मला त्या दालनात उभं राहून त्याचं कुतूहल वाटत होतं, ज्याने फाळका पाडायला सांगितलं आणि जो त्यांच्याबरोबर गेला नाही. त्याला जायचं नव्हतंच. त्याला इंजिन उलटं टाकायचं होतं, लाटेने होडी आडवी होऊ न देता. ती आडवी झाली, तर मागून येणाऱ्या दहा होड्यांची वाट अडली. मग मोठ्या जहाजाकडे परत, जाळीवरून उतरणारे आणखी छत्तीस, आणि पुन्हा तोच किनारा, आता तिथे काय आहे हे पक्कं माहीत असताना.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, ६ जून १९४४ ला, ओमाहा किनाऱ्यासमोर मोठी जहाजं दहा-अकरा मैलांवर थांबली होती. तेवढं अंतर या चपट्या होड्यांनी फेसाळत्या समुद्रातून कापायचं होतं. लोक ओकून अर्धमेले झाले, हेल्मेटने पाणी उपसत राहिले. (हल्ल्याच्या पहिल्या लाटेतल्या बऱ्याच होड्या ब्रिटिश बनावटीच्या, एलसीए नावाच्या होत्या, हिगिन्सच्या नव्हेत. सगळं श्रेय आणि सगळं रक्त एकाच नावावर टाकायची आपल्याला सवय असते.) वेळ ठरवली होती ती ओहोटीनंतर पाणी चढू लागतानाची. जर्मनांनी रोवलेले अडथळे उघडे दिसावेत, आणि होडी टेकलीच तर चढतं पाणी तिला उचलून द्यावं. छत्रीधाऱ्यांना उतरायला चांदणंही हवं होतं. परत आल्यावर मी हौसेने हिशेब मांडला, तर ती तिथी ज्येष्ठ पौर्णिमा निघाली. आपल्याकडे बायका वडाला सूत गुंडाळत होत्या.

तिथीचा नाद मला मामामुळेच. कोळ्यांच्या आणि खाडीकाठच्या लोकांच्या डोक्यात पंचांग असतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. भांगाला आमच्या खाडीत भरलेली होडी दांड्यावरून नेताना दोनदा विचार करतात.

पॅसिफिक महासागरातल्या तारावाच्या प्रवाळबेटावर, बेतिओ नावाच्या चिमुकल्या बेटासमोर, २० नोव्हेंबर १९४३ ला नेमका भांग होता. पुन्हा हिशेब मांडा: कार्तिक वद्य अष्टमीच्या आसपासचा दिवस. बेटाला प्रवाळाच्या खडकाचा कठडा आहे. त्यावरून जायला हिगिन्स बोटीला चारेक फूट पाणी हवं. तेवढं मिळेल असा नियोजकांचा अंदाज होता. त्या बेटांवर वर्षानुवर्षं राहिलेल्या मेजर हॉलंड या जाणकाराने मिळणार नाही असं बजावलं होतं. मिळालं नाही. साखळीपट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं कठडा ओलांडून गेली, पण ती पुरेशी नव्हती. मागून आलेल्या हिगिन्स बोटी खडकावर खसखसल्या आणि थांबल्या. फाळके पडले ते किनाऱ्यापासून पाच-सहाशे यार्डांवर. तिथून मरीन सैनिक छातीभर, मग कंबरभर पाण्यातून चालत निघाले, समोर जपानी मशीनगन. पाण्यात पळता येत नाही. लपायला पाण्याच्या पृष्ठभागाशिवाय काही नाही. पाणी आपल्या वेळेला चढलंच नाही, तास न् तास तसंच राहिलं. ७६ तासांत बेट पडलं. हजाराच्या आसपास अमेरिकन मेले, बेट राखणाऱ्या चार हजारांवर लोकांतले दीडशेसुद्धा वाचले नाहीत.

पुढे १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने चंद्राचं गणित मांडून दाखवलं, की त्या दिवशी भांग तर होताच, शिवाय चंद्र पृथ्वीपासून आपल्या सर्वात लांबच्या टप्प्यावर होता. त्यामुळे भरतीचा जोर आणखी मेला. गणित सुंदर आहे. वाचताना मला मात्र तो खसखस आवाज ऐकू येत राहिला. आमच्याकडे लाडू होते आणि समोरच्या काठावर वऱ्हाडी होते, एवढाच काय तो फरक.

या होड्यांचा आपल्याशी काय संबंध, असं मला एका मित्राने विचारलं. तो मालाडला राहतो. त्याला म्हटलं, मार्वेला मनोरीच्या बोटीसाठी रांगेत उभा राहतोस ना, तिथे शेजारी नौदलाचं 'हमला' आहे बघ. आज तिथे रसद आणि पुरवठ्याचं प्रशिक्षण चालतं, पण महायुद्धात 'हमला' हे रॉयल इंडियन नेव्हीच्या लँडिंग क्राफ्ट विभागाचं ठाणं होतं. नाव उगीच पडलेलं नाही.

त्या विभागातली होडीवाली पोरं वापरली गेली आराकानात, ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे खाडीला चाउंग म्हणतात. नकाशा पाहिला तर आपल्याच खाड्यांचा कुणीतरी गुंता करून ठेवलाय असं वाटतं: कांदळवन, भरतीची फाटेफुटे, काठाला वाळू नाहीच, नुसता रेंदा. १२ जानेवारी १९४५ ला म्येबोनला उतरायचं होतं. जपान्यांनी पाण्यात खांब रोवले होते. आदल्या रात्री टेहळणी पथकातली माणसं छोट्या होड्यांतून गेली, खांबांना वेळ लावलेले सुरुंग बांधून आली आणि सकाळी वाट मोकळी झाली. पण सुकती लागली तसा गाळ उघडा पडला आणि मागून उतरलेले कमांडो मांड्यांपर्यंत रुतत गेले. रणगाडे तर तिथे उतरवताच आले नाहीत, दुसरी जागा शोधावी लागली.

दहा दिवसांनी, २२ जानेवारीला, कांगाव. जपान्यांचा माघारीचा रस्ता तिथे तोडायचा होता. सरळ वाटेने गेलं तर ते बसलेलेच होते, म्हणून होड्यांचा तांडा लांबच्या वळशाने, दाइंगबोन चाउंगमधून, दोन्ही काठांच्या तिवरांमधून नेला. 'नर्मदा' आणि 'जमना' या आपल्या युद्धनौकांच्या तोफा मदतीला होत्या. आधी कमांडो उतरले, मागून ५१वी भारतीय ब्रिगेड. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते, ही तेव्हा जवळजवळ न घडणारी गोष्ट. थिमय्या, सेन आणि दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे एस. पी. पी. थोरात. थोरात मूळचे कोल्हापूरकडचे. तिथल्या टेकड्यांवर इतकी हातघाईची लढाई झाली, की तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. पुढे थिमय्या सरसेनापती झाले, थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. त्यांच्याबद्दल आपल्याकडे थोडंफार लिहिलं गेलंय. त्या चाउंगमधून त्यांना नेणाऱ्या सुकाणूवाल्यांबद्दल मला मराठीत एक ओळही वाचायला मिळालेली नाही. चिखलाच्या काठाला होडी लावून, गाळात पंखा न रुतवता, वाकड्यातिकड्या पाण्यातून ती पाठमोरी काढायची, हे खाडीकाठच्या पोराने केलं असेल तर ते चांगलंच केलं असणार.

एका सुकाणूवाल्याचं नाव मात्र अमेरिकेत राहिलंय. डग्लस मन्रो, तटरक्षक दलाचा सिग्नलमन, वय २२. पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटावर २७ सप्टेंबर १९४२ ला त्याने आपल्या होड्यांतून पाचेकशे मरीन सैनिकांना एका टोकाजवळ उतरवलं आणि तो तळावर परतला. सैनिक टेकडीवर गेले आणि वेढ्यात सापडले. रेडिओ नव्हता. त्यांनी अंगातल्या पांढऱ्या बनियनी काढून गवतावर 'मदत' ही अक्षरं मांडली, ती वरून जाणाऱ्या वैमानिकाने वाचली. त्यांना आणायला कोण जाईल असं विचारलं गेलं तेव्हा मन्रो पुढे झाला. त्याच प्लायवूडच्या होड्या, तोच किनारा, फक्त आता तिथून माणसं आत घ्यायची होती. जखमींना चढायला वेळ लागत होता म्हणून त्याने आपली होडी किनारा आणि बाकीच्यांच्या मध्ये आडवी धरली, म्हणजे गोळ्या आधी आपल्यावर याव्यात. सगळे निघाले. परतताना त्याला दिसलं की माणसांनी भरलेली एक मोठी होडी वाळूत रुतून बसलीय. तो तिला सोडवायला वळला. ती सुटली, आणि त्यानंतर त्याला गोळी लागली.

शेजारी त्याचा मित्र रे इव्हान्स होता. मन्रो क्षणभर शुद्धीवर आला आणि त्याने एवढंच विचारलं, "निघाले का सगळे?" निघाले होते.

त्याचं सन्मानपदक घ्यायला आई गेली, ईडिथ मन्रो. नंतर ती स्वतः तटरक्षक दलात भरती झाली.